वाचकांचे प्रश्न : पत्र एक, रूपे दोन

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. सौद्यानंतर शेतकऱ्याला दिली जाणारी पट्टी ई-मेलनेही जावी म्हणून मी पायथनमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहिला. एचटीएमएलच्या तक्त्यातली पट्टी चांगली दिसते. मात्र काहींना तक्ता दिसत नव्हता, म्हणून सोबत साधा मजकूर जोडला, तर पत्र एकाखाली एक असे दोनदा दिसू लागले. एका मित्राच्या सांगण्यावरून ‘अल्टरनेटिव्ह’ हा शब्द घातला, तेव्हा तक्ताच नाहीसा झाला आणि साधा मजकूर तेवढा उरला. काय चुकते आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रोग्रॅममध्ये दोन निरनिराळ्या चुका आहेत आणि पहिली दुरुस्त होताच दुसरी उघडी पडली. पायथनमध्ये ई-मेलचे भाग एकत्र बांधणाऱ्या जुन्या ‘माइममल्टिपार्ट’ या वर्गाला प्रकार सांगितला नाही, तर तो ‘मिक्स्ड’ धरून चालतो. ‘मिक्स्ड’ म्हणजे पाकिटात एकापाठोपाठ ठेवलेले वेगवेगळे कागद. ते सगळेच दाखवायचे असतात, म्हणून पट्टी दोनदा दिसली. ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे एकाच कागदाची दोन रूपे, ज्यांतले वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमला जमेल ते एकच दाखवायचे. ही व्यवस्था ई-मेलच्या माइम या नियमावलीत आहे. ती १९९२ मध्ये प्रथम आली आणि १९९६ मध्ये आजच्या स्वरूपात मांडली गेली. रूपे साध्याकडून समृद्धाकडे अशा चढत्या क्रमाने ठेवावीत आणि घेणाऱ्याने आपल्याला समजणारे शेवटचे रूप निवडावे, असे ती सांगते. आपण एचटीएमएल आधी आणि साधा मजकूर नंतर जोडला असणार. त्यामुळे वाचकाच्या प्रोग्रॅमने नियमाला धरूनच साधा मजकूर दाखवला. क्रम उलटा करा, तक्ता परत येईल.

नव्याने लिहीत असाल तर ‘ईमेलमेसेज’ हा वर्ग वापरा. त्यात ‘सेट कन्टेन्ट’ने साधा मजकूर भरावा, ‘ॲड अल्टरनेटिव्ह’ने एचटीएमएल जोडावे आणि पट्टीची पीडीएफ द्यायची असल्यास ती ‘ॲड अटॅचमेंट’ने सर्वांत शेवटी जोडावी. (प्रत्यक्ष लिहिताना ही शेवटची तीन नावे लहान रोमन लिपीत आणि शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहायची.) या क्रमाने गेल्यास दोन्ही रूपे आत आणि पीडीएफ बाहेर अशी मांडणी तो वर्ग आपोआप करतो, पीडीएफ आधी जोडून मग दुसरे रूप जोडू पाहाल, तर प्रोग्रॅम तिथेच त्रुटी दाखवून थांबतो.

आता मला जे अधिक महत्त्वाचे वाटते ते सांगतो. पुष्कळ जण एचटीएमएल मनापासून लिहितात आणि त्यातले टॅग काढून उरेल ते साधा मजकूर म्हणून पाठवतात. आपल्या पट्टीत राजापुरी हळद १२ क्विंटल, भाव १४,२०० रुपये आणि रक्कम १,७०,४०० रुपये अशी ओळ आहे असे समजा. टॅग गेले की चौकटीही जातात आणि उरते ‘राजापुरी१२१४,२००१,७०,४००’. वर्षाचे पीक विकून घरी गेलेल्या माणसाने यातून आपला भाव कोणता हे कसे ओळखायचे? मोकळ्या जागा टाकून रकाने जुळवण्याचा प्रयत्नही करू नका, कारण काना, मात्रा आणि जोडाक्षरांमुळे देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी राहत नाही आणि फोनवर ते रकाने हमखास विस्कटतात. त्याऐवजी ‘माल : राजापुरी’, ‘वजन : १२ क्विंटल’, ‘भाव : क्विंटलला १४,२०० रुपये’ असे एकेका ओळीत लिहावे, त्याखाली हमाली, तोलाई यांच्या कपाती आणि शेवटी हाती येणारी रक्कम द्यावी. हे रूप आधी लिहावे, आणि ते एकटे वाचूनही व्यवहार पुरता समजतो अशी खात्री झाल्यावरच एचटीएमएलकडे वळावे. दोन्ही रूपांतले आकडे एकाच ठिकाणाहून भरले जातील हेही पाहा, कारण तक्त्यात एक रक्कम आणि साध्या मजकुरात दुसरी असे झाले, तर ते दुकानाच्या पतीवर येते.

ई-मेलमधल्या एचटीएमएलमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही आणि बाहेरच्या स्टाइल फाइलवर भरवसा ठेवता येत नाही. साधा टेबल आणि प्रत्येक टॅगमध्येच लिहिलेली स्टाइल पुरेशी होते. नावे आणि शेरे भरताना ‘एचटीएमएल’ मोड्यूलमधील ‘एस्केप’ वापरावे, नाहीतर एखाद्या शेऱ्यातील ‘<’ या चिन्हापुढचा मजकूर पानावरून गायब होऊ शकतो.

पाठवण्याआधी तयार संदेश ‘ईएमएल’ फाइलमध्ये साठवून थंडरबर्ड या ई-मेल वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडावा. तेथे दृश्याच्या मेनूतून संदेश साध्या मजकुरात पाहता येतो. स्वतःच्या पत्त्यावर आलेली एक पट्टी तशी वाचून बघा.

प्रश्न : आमच्या संस्थेची पत्रे पीएचपीमधून, ‘पीएचपीमेलर’ वापरून जातात. मराठी मजकुराच्या जागी टोप्या आणि मात्रांसारखी चिन्हे लावलेली रोमन अक्षरे येतात. साधा मजकूर कुठे भरायचा, हेही सांगावे.
— एक वाचक, कऱ्हाड, जि. सातारा

उत्तर : पीएचपीमेलर मुळात आयएसओ-८८५९-१ ही पश्चिम युरोपीय लिपिसंहिता धरून चालतो, ‘कॅरसेट’ या गुणधर्माला यूटीएफ-८ हे मूल्य दिले की विषय आणि मजकूर दोन्ही सुधारतील. एचटीएमएल ‘बॉडी’मध्ये आणि साधा मजकूर ‘आल्टबॉडी’मध्ये भरावा, क्रम तो स्वतः सांभाळतो.

याच संदर्भात ‘एन्कोडिंग’चीही, म्हणजे पाठवताना मजकुराचे बाइट साध्या रोमन अक्षरांत कसे लिहायचे याचीही, निवड करून ठेवावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ‘हळद’ या शब्दाचे ९ बाइट होतात. ते बेस-६४ मध्ये १२ अक्षरांत मावतात, तर कोटेड-प्रिंटेबलमध्ये प्रत्येक बाइटला ३ अक्षरे लागून २७ होतात. इंग्रजी पत्रासाठी कोटेड-प्रिंटेबल सोयीचे असले, तरी मराठी पत्रासाठी मी बेस-६४ च घेईन.