गादी सरकली, आता नोकरी सोडू का?

46 वर्षांच्या, खासगी कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या एक ताई एमआरआयची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. ‘मानेच्या मणक्यांमधली गादी सरकलीय म्हणे. नोकरी सोडू का?’ हातांत मुंग्या नाहीत, पकड शाबूत; घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलेलं. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या 1,211 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे 88 टक्के लोकांची एखादी तरी गादी बाहेर आलेली दिसली. हे ऐकून त्यांची पिशवीवरची पकड सैल झाली.

मग बसण्याचं विचारलं. ‘स्क्रीन डोळ्यांसमोर हवी’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लॅपटॉप चार जाड फायलींवर ठेवला होता, आणि दुखणं उलट वाढलं होतं. कारण चष्म्यात होतं. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला; त्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. स्क्रीन वर गेली की हनुवटी उचलावी लागते आणि मान दिवसभर मागे मोडलेली राहते. दोन फायली काढल्या, कीबोर्ड वेगळा घेतला, कोपरं अंगाजवळ आणली.

तरीही दुखणं अर्धंच उतरलं. म्हणून आठवडाभर वहीत तीन रकाने लिहायला दिले: वेळ, दुखणं दहापैकी किती, तेव्हा काय चाललं होतं. सात-आठचे आकडे टायपिंगच्या तासांत नव्हतेच. ते साडेचारच्या आढावा कॉलआधी होते. कामाचा ताण, स्वतःच्या कामावर ताबा नसणं, वरिष्ठांचा आधार नसणं ही मानदुखीची जोखीम वाढवणारी कारणं आहेत, पण खुर्ची बदलणारे त्यांच्याकडे फारसे बघत नाहीत. ताणात खांद्याचे स्नायू नकळत आवळलेले राहतात, त्यांना उसंत मिळत नाही.

कॉलआधी खांदे कानांपर्यंत उचलून सोडायचे, पाच लांब उच्छ्वास. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठायचं. साहेबांशी काय बोलायचं याचा सराव आम्ही तीनदा केला. ‘मान दुखते’ एवढंच नाही, तर ‘महिनाअखेरचे दोन रिपोर्ट एकाच दिवशी नकोत, त्यातला एक मी दोन दिवस आधी देते.’ साहेबांनी ते मानलं. दिवसभर लावलेला मानेचा पट्टा मात्र काढायला लावला, त्याने स्नायू दुबळे होतात. त्याऐवजी फिजिओथेरपिस्टकडून आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम.

सहाव्या आठवड्यात वहीत तीनचा आकडा होता. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहून घेतलंय: ब्लाउजचे हूक लावताना बोटं अडखळली, तोल गेला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर.