थंडीत रुसणारी जीप

प्रश्न : माझी जुनी डिझेल जीप डिसेंबरच्या पहाटे मोंढ्याकडे निघताना तीन-चारदा चावी फिरवल्याशिवाय सुरू होत नाही आणि झाली की पांढरा धूर सोडते, दुपारी मात्र एका चावीत उठते. बॅटरी नवी आहे. — एक वाचक, परभणी

उत्तर : डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो; दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, त्यामुळे गार इंजिनात ती उष्णता कमी पडून न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर येते. ही उणीव भरून काढणाऱ्या ग्लो प्लगांपैकी एखादा निकामी झाला असावा. चावी अर्धी फिरवून वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत, म्हणजे हे प्लग विजेने तापेपर्यंत, थांबावे (मोंढ्याची घाई आम्ही जाणतो), आणि तरीही फरक न पडल्यास मेकॅनिककडून सर्व प्लग तपासून घ्यावेत. बॉनेटवर गोणपाट टाकण्याचा उपाय आमच्या वडिलांनीही केला होता. सकाळी इंजिन गारच असे.