बोटांचं विणकाम आणि डोळ्यांचं विणकाम

तुमचा प्रश्न असा आहे: घर, नोकरी आणि दोन लहान मुलं यांच्यात विणकाम बसवायचं कसं? हौसेनं विणायला घातलेला स्वेटर दोन वर्षं पिशवीत पडून आहे आणि आता ती पिशवी उघडावीशीही वाटत नाही.

आधी एक सांगते. तो स्वेटर तुमच्या आळसामुळे अडलेला नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून पुढच्या भागाला वेणीची वीण आहे, दर सहाव्या ओळीला टाके फिरवायचे आहेत आणि मुंढ्याचे टाके कमी करताना वेणीचाही हिशेब ठेवायचा आहे. असं काम सलग तासभर शांतता मागतं. लहान मुलांच्या घरात ती रात्री सगळे झोपल्यावर मिळते, आणि तोवर आपलेच डोळे मिटायला लागलेले असतात.

मी सतरा-अठरा वर्षं विणतेय, त्यातली बहुतेक मुलं, सासूसासरे आणि नोकरी सांभाळत. या काळात माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली. सुयांवर कायम दोन कामं असावीत, एक बोटांचं आणि एक डोळ्यांचं. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या, वेळा वेगळ्या, आणि एकाच्या वेळेला दुसरं हातात घ्यायचं नाही.

बोटांचं काम म्हणजे ज्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. सगळ्या ओळी सुलट असलेला मफलर, दोन सुलट दोन उलट अशी कानटोपी, नाहीतर माझं सगळ्यात आवडतं, गोल विणलेले मोजे. मोज्याचं गणित घरातल्या वेळेशी फार छान जुळतं. मोठ्या माणसाच्या मोज्याला बारीक लोकर आणि अडीच मिलिमीटरची सुई घेतली तर साधारण ६४ टाके लागतात. मिनिटाला ३० टाके असा मध्यम हात धरला तर एक फेरी दोन मिनिटांत होते. घोट्यापासून चवड्यापर्यंत दीडशेच्या आसपास फेऱ्या. रोज जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली तरी तीन आठवड्यांत, टाच आणि चवड्याचं काम सोडलं तर, एक मोजा होतो. ही पंधरा मिनिटं सलग मिळायची गरज नाही, हे महत्त्वाचं. धाकट्याचा अभ्यास घेताना पाच, फोनवर आईशी बोलताना सहा, शाळेच्या गेटपाशी थांबल्यावर चार.

हे माझं काही नवं शोधून काढलेलं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर पीटच्या, म्हणजे जळणासाठी खणून काढलेल्या दलदलीतल्या मातीच्या, टोपल्या घेऊन चालता चालता विणायच्या. कमरेला एक चामड्याचा पट्टा, त्यात घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली जाड गादी. एका सुईचं टोक त्या भोकात रोवलं की सुई आपोआप धरलेली राहते. दिवसभराचं कष्टाचं काम थांबवून विणायला बसणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी सुई धरायची सोय करून घेतली. थकून आलेल्या दिवशी मला त्या बायका आठवतात आणि मी मोजा घेऊन खिडकीशी जाते.

आता तुमची खरी अडचण, मधेच उठावं लागणं. ओळ संपेपर्यंत मूल थांबत नाही, हाक मारतंच. ओळीच्या मधे काम खाली ठेवलं आणि तासाभरानं परत आलो की कुठल्या बाजूला जात होतो तेच कळत नाही. यासाठी टाके मोजत बसू नका. गुंड्याकडून आलेली लोकर ज्या टाक्यातून निघतेय तो शेवटचा विणलेला टाका, आणि तो उजव्या हातातल्या सुईवर असायला हवा. तो डाव्या हातात आला असेल तर काम उलटं धरलंय, फिरवून घ्या. उलट दिशेनं गेलात तर एक बाजू दोन ओळींनी उंच होते आणि वळणाशी बारीक भोक राहतं. माझ्या पहिल्या मफलरला अशी सात भोकं होती. ती का पडली हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

ओळी मोजायच्या असतील तर दर दहाव्या ओळीच्या एका टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. कागदावरच्या खुणा मुलांच्या हाती लागतात. दोरा तिथेच राहतो.

डोळ्यांचं काम म्हणजे वेणी, जाळी, दोन रंगांची नक्षी, मुंढे आणि गळा. याला मी आठवड्यातून एकच वेळ देते, रविवारची पहाट, सगळे उठायच्या आधी. दीड तास मिळतो. कधी त्यात सहा ओळी होतात, कधी चोवीस. दर वीसेक ओळींनी मी एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवते. पुढे चूक झाली, टाके गळले, तर सगळ्या सुया काढून सरळ उसवायचं. त्या दोऱ्यापाशी आलं की उसवणं आपोआप थांबतं आणि टाके ओळीनं सुईवर घेता येतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण तो दोरा असला की मध्येच कुणी रडत उठलं तरी छातीत धस्स होत नाही.

एक गोष्ट मात्र घाईत टाळू नका, ती म्हणजे नमुन्याचा तुकडा. मी नवऱ्यासाठी पहिला स्वेटर विणायला घातला तेव्हा वेळ नाही म्हणून तो विणला नव्हता. डीके म्हणतात त्या जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके येतात, तोच हिशेब धरून ५० सेंटीमीटर रुंदीसाठी ११० टाके घातले. माझा हात सैल, मला २० च येत होते. पाठ झाली ५५ सेंटीमीटर, पुढचा भागही ५५, म्हणजे घेर १० सेंटीमीटरनं जास्त. दोन टाक्यांचा फरक तळहाताएवढ्या तुकड्यावर दिसतसुद्धा नाही, अंगावर मात्र चांगलाच दिसतो. दोन महिन्यांचं काम उसवलं. तेव्हापासून तुकडा विणते, धुते, वाळवते आणि मगच मोजते, कारण धुतल्यावर बऱ्याच लोकरींचं माप बदलतं.

मुलांसाठी विणणार असाल तर वाढीचा विचार काम घालतानाच करा. चार ते आठ वर्षांचं मूल वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर उंच होतं, छातीचा घेर तेवढ्या वेगानं वाढत नाही. त्यामुळे स्वेटर आधी बाह्यांत आणि लांबीत अपुरा पडतो, अंगात तो अजून नीट बसत असतो. म्हणून मी बाह्या मुंढ्यापासून टाके उचलून खाली मनगटाकडे विणते. विणलेलं कापड टाके बंद केलेल्या बाजूनंच सहज उसवतं. ती बाजू मनगटाशी असली की बॉर्डर उसवायची, चार बोटं वाढवायची आणि बॉर्डर परत घालायची. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे स्वेटर असेच विणलेले असत, कारण स्वेटरची मनगटं सगळ्यात आधी झिजत. माझ्या मुलाच्या निळ्या स्वेटरच्या बाह्या दोनदा वाढल्या. मूळ लोकरीचा राखून ठेवलेला गुंडा होता, पण तीन वर्षांच्या धुण्यानं स्वेटरचा रंग फिका झाला होता आणि नवी लोकर शेजारी गडद दिसायला लागली. मग मधे करड्या रंगाचे दोन पट्टे घातले. त्याला ते इतके आवडले की पुढच्या स्वेटरला सुरुवातीपासूनच हवे होते.

उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका. ती वाकडी-कुरळी झालेली असते आणि वीण खडबडीत येते. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैलसर बांधा, कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि हलकं वजन लावून टांगून वाळवा. ती बरीचशी सरळ होते.

धुण्याचंही तेवढंच. घरात रोज वापरायची वस्तू घरातल्या धुण्यातून टिकली पाहिजे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. एकदा आटलं की परत येत नाही. मशीनमध्ये धुता येणारी म्हणून मिळते त्या लोकरीचे खवले प्रक्रिया करून बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. लहान मुलांच्या वस्तूंना मी तीच वापरते आणि लेबल वहीत चिकटवून ठेवते. अगदी तान्ह्यांसाठी विणताना हातमोज्यांच्या आतून लोंबणारे धागे राहू देऊ नका. ते बाळाच्या बोटाला गुंडाळले जाऊन रक्त अडू शकतं, आणि बाळाला सांगता येत नाही.

मुलांना शेजारी बसवून विणता येतं का, असंही तुम्ही विचारलंय. येतं, आणि मला वाटतं त्यांना शिकवावंच. १९१९ साली जर्मनीत स्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा, म्हणजे हातकामावर भर देणारी शाळा, निघाली; या शाळांमध्ये पहिलीतच मुलगे आणि मुली दोघांनाही विणायला शिकवतात. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला जाड लोकर, जाड आखूड सुया आणि १६ टाके दिले. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली, १६ चे २३ झाले होते. मी तिला मांडीवर घेऊन एक ओळ नुसती विणताना पाहिलं. ओळीच्या सुरुवातीला तिच्या हातून लोकर सुईच्या वरून मागे ओढली जात होती. त्यामुळे खालच्या टाक्याचे दोन पाय वर येत, ती त्यांना दोन टाके समजून दोन्ही विणायची आणि प्रत्येक ओळीला एक टाका वाढायचा. "लोकर आधी खाली लोंबू दे, मग सुई घाल," एवढंच सांगितलं. पुढची ओळ तिनं दातात ओठ धरून विणली, मोजली, परत मोजली. २३ च्या २३. वाढलेले टाके कमी करू का म्हणून विचारलं तर नको म्हणाली, ते माझे आहेत. तो तुकडा, तळाला अरुंद आणि वर रुंद, अजून तिच्या कंपासपेटीखाली अंथरलेला असतो.

आणखी एक काम तुम्हाला दाखवावंसं वाटतं. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी आणि सासूबाई दिवसभर दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसलो होतो. माझ्या पिशवीत सासऱ्यांसाठीच विणायला घातलेला मफलर होता, सगळा सुलट, ४० टाक्यांचा. मी विणत राहिले. सासूबाई काही बोलत नव्हत्या. मधेच त्यांनी गुंडा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मला लागेल तशी लोकर सोडत राहिल्या. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले. घरी आल्यावर मफलर पसरला तर त्या दिवशीचा वीतभर भाग दोन्हीकडून आत गेलेला, जवळजवळ दोन सेंटीमीटरनं अरुंद. टाके तेवढेच होते, हात आवळला गेला होता. मी उसवायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, ते दिवस उसवून परत विणू नकोस." सासरे तो अजून घालतात आणि गुंडाळताना तो अरुंद भाग बरोबर मानेशी येतो.

आता तुमची ती पिशवी. आज स्वेटर पुढे विणायचा नाही. फक्त सगळे टाके सुईवरून एका जाड सुती दोऱ्यावर उतरवून घ्या आणि दोऱ्याची टोकं बांधा, म्हणजे दोन वर्षं ताणलेले टाके मोकळे होतील. वेणीच्या कितव्या ओळीवर आहात ते चिठ्ठीवर लिहून त्याच दोऱ्याला बांधा. नमुन्यावर बोट ठेवून शेवटचं टाके फिरवलेलं वळण शोधा आणि तिथून ओळी मोजा, म्हणजे सापडेल. स्वेटर नीट घडी करून ठेवा. त्याला सुट्टीतली एखादी सकाळ मिळेल तेव्हा मिळेल.

मग मोज्याची बारीक लोकर काढा आणि मोठ्या मुलासाठी मोजा विणायला घाला. पावलाचा घेर मोजा, त्यातून दहावा भाग वजा करा म्हणजे मोजा घट्ट बसेल. १७ सेंटीमीटर घेर असेल तर साधारण १५ उरतात. तुमच्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये ३० टाके येत असतील तर ४५-४६, आणि दोन सुलट दोन उलट बॉर्डरला चारनं भाग जायला हवा म्हणून ४८ घाला. माप रात्री घ्या. जागेपणी मुलं पाऊल स्थिर ठेवत नाहीत. झोपल्यावर पांघरूण थोडं बाजूला करून टेप गुंडाळला तर कळतही नाही त्यांना.