मधुमेह नसताना कॅन्सरच्या रुग्णाची साखर का उतरते?

वडिलांना लिव्हरचा कॅन्सर आहे, मधुमेह नाही, तरी पहाटे साखर ५० च्या खाली जाते. अमिनो ॲसिडची पावडर दिली तर तिची साखर होऊन भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवतो. पावडरीने पहाट सावरणार नाही.

रात्री उपाशीपोटी रक्तातली साखर लिव्हर टिकवतं. आधी ग्लायकोजेन, म्हणजे स्वतःत साठवलेली साखर वापरतं, ती जेमतेम १०० ग्रॅम. ती सरत आली की स्नायूंतली प्रथिनं मोडून ॲलानिन, ग्लुटामिन अशी अमिनो ॲसिडं येतात आणि लिव्हर, किडनी त्यांचं ग्लुकोज करतात. कॅन्सरमध्ये स्नायू एरवीही झिजतच असतात, त्यामुळे हा कच्चा माल उलट जास्त येतो. म्हणून बहुतेक रुग्ण वाळतात, पण त्यांची साखर उतरत नाही. अगदी शेवटी, अंगावर काही उरलंच नाही, तर माल संपतो. एरवी बिघाड कारखान्यात, म्हणजे लिव्हरमध्ये असतो.

लिव्हरचा मोठा भाग गाठींनी व्यापला, हे एक कारण. दुसरं आम्हा मास्तरांना फार आवडतं, घरच्यांना अर्थातच नाही: काही गाठी, त्यात लिव्हरच्याही, आयजीएफ-२ नावाचं द्रव्य सोडतात. ते इन्सुलिनचं सोंग घेतं. लिव्हरला साखर सोडू देत नाही आणि स्नायूंना ती ओढायला लावतं. रिपोर्टात मात्र खरं इन्सुलिन तळाला गेलेलं असतं! म्हणून साखर उतरलेली असतानाच रक्त घेऊन इन्सुलिन, सी-पेप्टाइड (इन्सुलिन बनताना सोबत सुटणारा तुकडा) आणि कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासायला डॉक्टरांना सांगा. कॉर्टिसोल अशासाठी, की स्टेरॉइड एकदम बंद केल्यानेही असं होतं.

आकडा खरा आहे ना, तेही बघा. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, एका बाईंची साखर लॅबने ३८ कळवली होती, आणि त्या खाटेवर बसून स्वेटर विणत होत्या. पांढऱ्या पेशी लाखांनी वाढल्या होत्या, त्यांनी नळीतल्या नळीतच साखर फस्त केली होती. बोटातून थेंब घेतला तर ९६.

७० च्या खाली असेल आणि वडील शुद्धीवर असतील तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ‘साखरेने कॅन्सर वाढतो’ म्हणून इथे हात आखडू नका. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा. झोपताना पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नस्टार्च काहींना पहाटेपर्यंत पुरतं. चालेल का ते डॉक्टरांना विचारा, आणि तोवर रात्री ३ चा गजर लावून एकदा साखर मोजत जा.