सर्व्हिस थांबते, पण पोर्ट सोडत नाही

लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. आदेश आणि सेटिंगची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची. परवानगी नाकारली तर आदेशाच्या आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत डेबियनवर एक जावा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालतो. सगळ्या काउंटरांवरच्या पावत्या त्यातून छापल्या जातात. ‘सिस्टमसीटीएल रिस्टार्ट पावती’ दिले की दीड मिनिट पडदा तसाच राहतो, मग सर्व्हिस फेल्ड दाखवते आणि लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येते. मशीन रीबूट केले की चालते. चवथीच्या आधी काउंटरवर रांग असते, तेव्हा रीबूट परवडत नाही. सर्व्हिसची फाइल आणि ती चालवणारी स्क्रिप्ट सोबत पाठवली आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : फाइल आणि स्क्रिप्ट दोन्ही पाठवलीत हे फार बरे झाले, कारण एकटी फाइल पाहून हा दोष कळला नसता. रिस्टार्ट म्हणजे आधी थांबवणे आणि मग सुरू करणे. तुमची सर्व्हिस सुरू होण्यात काही अडचण नाही, ती नीट थांबतच नाही.

थांबवताना सिस्टमडी (लिनक्सच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, सिगटर्म हा संकेत पाठवतो. आवरून बाहेर पड, एवढाच त्याचा अर्थ. ठरलेल्या वेळेत ती गेली नाही तर सिगकिल पाठवतो, आणि तो कोणत्याही प्रोग्रॅमला टाळता येत नाही. ती वेळ टाइमआउटस्टॉपसेक या सेटिंगमध्ये असते. वेगळे काही लिहिले नसेल तर ९० सेकंद. तुमचे दीड मिनिट ते हेच.

आता सिगटर्म कुणाला जातो ते पाहा. एक्झेकस्टार्टमध्ये (काय चालवायचे ते सांगणाऱ्या ओळीत) शेल स्क्रिप्ट आहे आणि ती जावाला सुरू करते. म्हणजे सिस्टमडीच्या लेखी मुख्य प्रोसेस बॅश, स्क्रिप्ट चालवणारा शेल. जावा तिची चाइल्ड प्रोसेस. त्यात फाइलीत कुणीतरी किलमोड=प्रोसेस (फक्त मुख्य प्रोसेसला थांबवा) लिहून ठेवले आहे, त्यामुळे सिगटर्म फक्त बॅशलाच मिळतो. स्क्रिप्टमध्ये लॉक फाइल (प्रोग्रॅम चालू असल्याची खूण) पुसण्यासाठी ट्रॅप, म्हणजे संकेत आल्यावर चालायचा आदेश, लावलेला आहे. पण बॅश समोर चालू असलेला आदेश संपेपर्यंत ट्रॅपला हात लावत नाही. समोर आहे जावा, आणि जावाला थांब म्हणून कुणी सांगितलेलेच नाही! ९० सेकंद सरतात, सिगकिलने बॅश मरते, आणि जावा ८०८० पोर्ट (नेटवर्कवर ऐकण्याचा क्रमांक) धरून मागे राहतो. नवा जावा येतो, तोच पोर्ट मागतो, मिळत नाही म्हणून बंद पडतो. रीबूटमध्ये सगळ्याच प्रोसेस जातात, एवढ्यासाठीच रीबूटने काम होते.

खात्री करायची तर ‘जर्नलसीटीएल -यू पावती -बी’ पाहा. त्यात ‘रिमेन्स रनिंग आफ्टर युनिट स्टॉप्ड’ आणि त्यानंतरच्या सुरुवातीला ‘फाउंड लेफ्ट-ओव्हर प्रोसेस’ अशा ओळी सापडतील. मग ‘सुडो एसएस -एलटीएनपी’ द्या. ८०८० समोर जो पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिसेल तो जुन्या जावाचा. ‘किल’ आणि तो क्रमांक एवढेच द्या आणि अर्धा मिनिट थांबा. गेल्या गेल्या ‘किल -९’ (म्हणजे सिगकिल) मारू नका. पतसंस्थेचा प्रोग्रॅम आहे, अर्धवट लिहिलेली नोंद निस्तरायला रीबूटपेक्षा जास्त वेळ जाईल. तो गेला की ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट पावती’. आजचे काम एवढ्यावर भागेल.

कायमची दुरुस्ती स्क्रिप्टपासून सुरू करा. जावाच्या ओळीच्या आधी एक्झेक हा शब्द लिहा. त्याने बॅशच्या जागी, त्याच पीआयडीवर, जावा येतो. मधला माणूस उरत नाही. ही ओळ शेवटचीच असली पाहिजे, कारण तिच्या पुढचे काहीही चालत नाही. ट्रॅपही उपयोगाचा राहत नाही, म्हणून तो काढून टाका आणि लॉक फाइल पुसण्याचा आदेश सर्व्हिसच्या फाइलीत एक्झेकस्टॉपपोस्ट म्हणून लिहा. सर्व्हिस नीट थांबो की कोसळो, तो चालतोच.

मग ‘सिस्टमसीटीएल एडिट पावती’. मूळ फाइलीला धक्का न लावता वरून जोडायची छोटी फाइल यात उघडते. सर्व्हिस विभागात किलमोड=मिक्स्ड लिहा. यात सिगटर्म मुख्य प्रोसेसला जातो आणि वेळ संपल्यावर सिगकिल मात्र सर्व्हिसच्या गटातल्या प्रत्येक प्रोसेसला जातो, मागे कुणी राहत नाही. मूळ सवयीचा कंट्रोल-ग्रुपही (सिगटर्मही सगळ्या गटाला) चालेल. पण तुमचा प्रोग्रॅम छपाईसाठी आणखी प्रोसेस सोडतो, आणि त्यांना आवरायचे काम जावाकडेच राहिलेले बरे, म्हणून मिक्स्ड. प्रोसेस हा पर्याय अशा सर्व्हिसला कधीही लावू नये.

त्याच विभागात सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३ हीही ओळ घाला. सिगटर्मने थांबलेला जावा १४३ हा कोड देऊन बाहेर पडतो (१२८ अधिक सिगटर्मचा १५), आणि ही ओळ नसेल तर व्यवस्थित थांबलेली सर्व्हिससुद्धा फेल्ड दिसते. मग खरे अपयश आणि खोटे अपयश यांत फरक करता येत नाही. टाइमआउटस्टॉपसेक किती ठेवायचे ते अंदाजाने ठरवू नका. कामाच्या वेळेनंतर ‘टाइम सिस्टमसीटीएल स्टॉप पावती’ देऊन प्रत्यक्ष किती सेकंद लागतात ते मोजा आणि त्याच्या तिप्पट ठेवा.

एडिटमधून केलेला बदल आपोआप वाचला जातो; फाइल हाताने बदललीत तर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ द्यावे लागते. ‘सिस्टमसीटीएल कॅट पावती’मध्ये मूळ फाइल आणि वरून जोडलेली फाइल दोन्ही दिसतात. मग स्टॉप द्या, एसएसमध्ये ८०८० दिसत नाही ना ते पाहा, आणि स्टार्ट द्या. ‘सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी पावती’ने दाखवलेला क्रमांक आणि एसएसमधला जावाचा क्रमांक एकच आला की काम झाले.

पोर्टवर कुणीच बसलेले नाही आणि तरी हीच तक्रार येते, असेही कधी घडते. तेव्हा जुनी कनेक्शन्स टाइम-वेट अवस्थेत (बंद झाल्यावरही थोडा वेळ राखून ठेवलेली) असतात. लिनक्समध्ये ती ६० सेकंदांनी आपोआप सुटतात. तिथला उपाय प्रोग्रॅममध्ये आहे: पोर्ट घेण्याआधी सो-रीयूजॲडर हा पर्याय लावणे.

प्रश्न : गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची एका पायथन सर्व्हिसवर आहे. पावसात वीज गेली आणि आली की मशीन चालू होते, सर्व्हिस होत नाही. लॉगमध्ये ‘/रन/ग्रंथसूची’ फोल्डर नाही असे येते. हाताने फोल्डर केले की चालते, पुढच्या वेळी पुन्हा तेच. कधी कधी ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ असेही येते.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : /रन हे फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असते, म्हणून प्रत्येक बूटला ते कोरे होते. /व्हार/रन सुद्धा तिथेच नेणारी वाट आहे, जागा बदलून उपयोग नाही. सर्व्हिस विभागात रनटाइमडिरेक्टरी=ग्रंथसूची लिहा. सर्व्हिस सुरू होण्याआधी सिस्टमडी ते फोल्डर करतो आणि यूजर= मध्ये दिलेल्या यूजरच्या नावे करतो. सर्व्हिस थांबली की ते पुसतो, त्यामुळे सूचीचा डेटाबेस चुकूनही तिथे ठेवू नका. त्याची जागा /व्हार/लिब.

दुसरी तक्रार वेगळी आहे. तुमची सर्व्हिस १९२.१६८.१.१० याच पत्त्यावर पोर्ट मागते आणि बूटच्या वेळी मशीनला तो पत्ता अजून मिळालेला नसतो. राउटर मशीनपेक्षा सावकाश उठत असेल तर हे हमखास होते. फाइलीत आफ्टर=नेटवर्क.टार्गेट आहे, पण ते पत्ता मिळण्याची वाट पाहत नाही. युनिट विभागात आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्हींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहा. एकटे आफ्टर फक्त क्रम लावते, त्या टार्गेटला बोलावत नाही. आमचे मत विचाराल तर त्याहून सोपे म्हणजे सर्व्हिसला ०.०.०.० वर ऐकू द्यावे आणि बाहेरचे कोण येऊ शकते ते फायरवॉलने ठरवावे. मग राउटरच्या उठण्याशी संबंधच राहत नाही.

पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली) /व्हार/लिबमध्ये ठेवली असेल तर तीही /रनमध्ये हलवा. वीज अचानक गेल्यावर ती फाइल पुसायला कुणी नसते. पुढच्या बूटला तोच क्रमांक दुसऱ्याच एखाद्या प्रोसेसला मिळतो, आणि सर्व्हिस ‘मी आधीच चालू आहे’ असे समजून परत फिरते. वीज गेली तेव्हा नेमके काय झाले हे पाहायला मागच्या बूटचे लॉग लागतात. /व्हार/लॉग/जर्नल फोल्डर नसेल तर ते तयार करून रीबूट करा. त्यानंतर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ मागचा बूट दाखवील. आणि शक्य असेल तर छोटा यूपीएस घ्याच. डेटाबेस लिहीत असताना वीज गेली तर वरचा कुठलाही बदल त्याला वाचवू शकत नाही.

प्रश्न : काजू कारखान्यात वजनकाट्याचे आकडे यूएसबी केबलने वाचणारी सर्व्हिस आहे. केबल सैल झाली की ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ येते. मग केबल नीट बसवूनही ती सुरू होत नाही. मर्यादाच काढून टाकू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : काढू नका. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून पाहिले की सिस्टमडी थांबतो, आणि दोन प्रयत्नांमधले अंतर मुळात फक्त १०० मिलिसेकंद असते. केबलला हात लागेपर्यंत पाचही प्रयत्न संपलेले असतात. सर्व्हिस विभागात रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर आणि रिस्टार्टसेक=१० लिहा. युनिट विभागात स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=१२० आणि स्टार्टलिमिटबर्स्ट=५. दहा सेकंदांचे अंतर ठेवून १२०चा आकडा मात्र लिहिला नाही, तर मर्यादा कधी लागतच नाही आणि लॉग भरत राहतो. सध्या अडकलेली सर्व्हिस ‘सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड काटा’ आणि मग स्टार्ट देऊन सोडवा.

केबल बसवल्यावरही आकडे येत नसतील तर ‘एलएस /डेव्ह’मध्ये पाहा. जुन्या प्रोसेसने टीटीवाययूएसबी० उघडे धरले असेल तर परत जोडलेली केबल टीटीवाययूएसबी१ या नावाने येते आणि प्रोग्रॅम रिकाम्या जागी वाचत बसतो. प्रोग्रॅममध्ये क्रमांकाचे नाव देण्याऐवजी /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधले पूर्ण नाव द्या. ते केबलच्या चिपवरून पडते, क्रमांक बदलला तरी बदलत नाही. लॉग वाचताना शेवटच्या ओळीवर थांबू नका. ‘टू क्विकली’च्या वर, पहिल्या प्रयत्नाच्या जागी, खरे कारण लिहिलेले असते.

प्रश्न : सर्व्हिस सुरू होते आणि त्याच क्षणी ‘इनॅक्टिव्ह (डेड)’. चूक काहीच दाखवत नाही.
— एक वाचक, साखळी

उत्तर : प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला पार्श्वभूमीत ढकलत असणार आणि फाइलीत टाइप=सिंपल (सुरू केलेली पहिली प्रोसेस हीच सर्व्हिस) असणार. पहिली प्रोसेस ० कोडने संपते, सिस्टमडीला वाटते काम झाले, आणि तो गटात उरलेल्यांनाही बंद करतो. प्रोग्रॅमच्या मदतपानात फोरग्राउंड किंवा नो-डीमन असा पर्याय शोधा आणि तो एक्झेकस्टार्टमध्ये जोडा. वरून जोडायच्या फाइलीत एक्झेकस्टार्ट बदलताना आधी ‘एक्झेकस्टार्ट=’ अशी रिकामी ओळ लिहून जुना आदेश पुसावा लागतो, नाहीतर दोन आदेश झाले म्हणून सर्व्हिसची फाइलच नाकारली जाते. असा पर्याय प्रोग्रॅममध्ये नसेल तरच टाइप=फोर्किंग करा, आणि सोबत पीआयडीफाइलचा मार्ग द्या.