जुन्या मर्सिडीजचे (डब्ल्यू १२३) मागचे ब्रेक कॅलिपर घरी उघडून दुरुस्त करता येतात का? की नवीनच बसवावेत?

येतात. मी केलेत, आणि एकदा स्वतःच्या हाताने वाटोळंही केलंय. (कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवणारा चिमटा.)

पण मला लिहायला बसवलं ते तुमच्या प्रश्नाखालच्या दोन ओळींनी. उजवं मागचं चाक तापतं, लांब चालवून थांबलं की गाडी ढकलता येत नाही, सकाळी मात्र सगळं सुतासारखं सरळ. आणि गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही कॅलिपर गेले. साहेब, हेच निदान माझ्या थोरल्या भावाने २००९ साली आंब्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून, कमरेवर हात ठेवून केलं होतं. त्यावरून आमच्यात जी जुंपली ती अजून पुरती मिटलेली नाही.

गाडी मामांची. २४० डी, १९८२ चं मॉडेल, मुंबईत एका पारशी गृहस्थांकडून घेतलेली. मामा गेल्यावर ती कोल्हापूरला आमच्या दारात आली. चालवायचा दादा, खाली झोपायचो मी. त्या वर्षी मे महिन्यात रत्नागिरीला लग्न होतं, म्हणून आम्ही दोघं, आई आणि आत्या निघालो. बांबवड्याच्या पुढे जळका वास यायला लागला. आत्या म्हणाली, कुणीतरी शेतात काहीतरी पेटवलंय. मलकापूर सोडल्यावर गाडी जड झाली, म्हणजे तिसऱ्या गिअरला चौथ्यासारखी धापा टाकायला लागली. आंबा गावात थांबून बघितलं तर उजव्या मागच्या चाकातून धूर. मी पान्याची पेटी काढेपर्यंत आत्याने पाण्याची अख्खी बाटली त्या तापलेल्या डिस्कवर ओतली. (हे कधीही करू नका. डिस्क वाकडी होते. आमची झालीच.)

पुढे घाट उतरायचा होता. दादा म्हणाला, "कॅलिपर जाम झालाय, टो करून परत न्यायची." मी चाकाखाली दगड लावले, जॅक लावला, चाक फिरवून बघितलं. हलेना. मग कॅलिपरचं निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू, पाव आटा सैल केलं. ब्रेक ऑइलची एक बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. हाताने गरगर फिरलं.

आता सांगा, यावरून काय सिद्ध होतं? माझं म्हणणं, पॅड ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन गंजून अडकला असता तर निपल उघडून काही फरक पडला नसता. तेलाचा दाब आत कोंडला होता, तो वाट मिळताच सुटला, म्हणजे पिस्टन चांगला आहे आणि परतीची वाट बंद आहे. दादाचं म्हणणं, "तू कॅलिपरला पाना लावलास आणि चाक सुटलं, म्हणजे दोष कॅलिपरातच." यावर आई म्हणाली, मुहूर्त संध्याकाळचा आहे. निपल घट्ट करून, ऑइल भरून, दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला जेमतेम पाय लावत आम्ही घाट उतरलो. साखरप्याला परत एकदा निपल उघडावं लागलं.

गुन्हेगार होता रबरी होज पाइप. या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला आपापला एक असतो. वीस-पंचवीस वर्षांत त्याचं आतलं रबर फुगतं, सुटतं, आणि आतल्या आत झडपेसारखं काम करायला लागतं. पाय दाबला की मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेल्या, तेलाला दाब देणाऱ्या पंपाच्या) जोरावर तेल पुढे घुसतं, पण परत यायला तिकडे जोरच नसतो. पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नाहीच. चौकोनी छेदाचं एक सील असतं, ते पिस्टनबरोबर किंचित मुरडतं आणि पाय सोडल्यावर सरळ होताना त्याला केसभर मागे घेतं. एवढ्याशा ताकदीला फुगलेल्या होजमधून तेल मागे लोटणं जमत नाही. रात्रभरात मात्र ते हळूहळू झिरपून परत जातं, म्हणून सकाळी सगळं छान. तुमच्या त्या "सकाळी मात्र" या दोन शब्दांत माझ्या मते उत्तर आलंय.

बाहेरून तो होज अगदी नवा दिसतो, तडा नाही, ओल नाही. म्हणूनच कुणी संशय घेत नाही.

पण दादा मोठा, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्याने जर्मनीहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून दोन कॅलिपर मागवले. ते यायला तीन महिने लागणार होते. तेवढ्यात मी म्हटलं, जुनेच उघडून दाखवतो. इथे माझी चूक सुरू होते, तीही सांगतो.

कॅलिपर या गाडीत साधा, दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन असलेला. हँडब्रेकचा त्याच्याशी संबंध नाही. हँडब्रेकचे वेगळे बारके शू मागच्या डिस्कच्या टोपीत, ड्रमसारखे बसतात. त्यामुळे हल्लीच्या काही गाड्यांत पिस्टन फिरवून आत घालावा लागतो तसली भानगड नाही, सरळ दाबला की जातो. पॅड काढून मी ब्रेकच्या पेडलनेच पिस्टन बाहेर आणले. एक आधी सुटतो आणि दुसरा बसून राहतो, म्हणून सैल असलेल्याला क्लॅम्प लावून धरायचा आणि हट्टी आधी काढायचा. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर मध्ये लाकूड ठेवा आणि बोटं खिशात ठेवा. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

पिस्टन बघितले तर डस्ट कव्हरच्या कडेला क्रोम उडून गंजाचे खड्डे. नवे इथे कुठे मिळणार? गेलो उद्यमनगरात. आमच्या कोल्हापुरात लेथवर काय करून मिळत नाही ते विचारा. एका कामगाराने जुना ३८ मिलिमीटरचा पिस्टन मायक्रोमीटरने मोजला आणि विचारलं, "स्टेनलेसमध्ये करू का? परत गंजायचा नाही." चारही करून दिले, आरशासारखे.

त्याच दुकानात दुसरा एक होनिंगचं टूल, म्हणजे सिलिंडरची भिंत आतून घासायचं हत्यार, घेऊन पुढे सरसावला. त्याला मी अडवलं, आणि तुम्हीही अडवा. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये रबर सिलिंडरच्या भिंतीवर घासतं, तिथे भिंत गुळगुळीत लागते. कॅलिपरात सील भिंतीतल्या खाचेत बसून राहतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. भिंतीवर चार डाग असले तरी चालतं, पिस्टनवर एक चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची ती खाच. तिच्या तळाशी गंज आणि वाळलेल्या तेलाचा खर साठतो, तो सीलला मागून रेटतो आणि पिस्टन आवळला जातो. ती तांब्याच्या तारेने किंवा बांबूच्या काडीने कोरून काढायची. स्क्रू ड्रायव्हर घातलात तर ओरखडा पडेल आणि तेल गळेल. निम्मे "गेलेले" कॅलिपर फक्त या खाचेपायी गेलेले असतात.

एवढं सगळं नीट केलं आणि शेवटी माती खाल्ली. बॉडी रॉकेलने धुतली, आणि नवं सील सरकत नव्हतं म्हणून त्यावर इंजिन ऑइलचं बोट फिरवलं. आम्ही सगळे लहानपणापासून सगळंच रॉकेलने धुत आलोय हो. पण ब्रेकचं रबर वेगळ्या जातीचं असतं. त्याला ब्रेक ऑइल चालतं, पण पेट्रोल, रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं. पंधरवड्यात दोन्ही चाकं अशी आवळली की निपल उघडूनही सुटेनात. मी सहा महिने त्या लेथवाल्याला शिव्या घालत होतो, की पिस्टन जाड केलेत. नंतर मोजले, बरोबर होते. जाऊन माफी मागितली, त्याला तर ते पिस्टन आठवतही नव्हते.

दादाला मात्र आयतं कोलीत मिळालं. "घरचं काम." हे दोन शब्द मी पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक दिवाळीत ऐकले.

मग नवे कॅलिपर आले. ते पुण्यात एका नावाजलेल्या गॅरेजात बसवले. पेडल स्पंजासारखं. हवा काढली, परत काढली, दोन लिटर ऑइल गेलं, शेवटी मास्टर सिलिंडर बदलला. तरी तेच. तीन आठवड्यांनी मी गेलो, खाली वाकलो आणि हसायला लागलो. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. निपल खालच्या बाजूला. हवा वर जाते, हे बुडबुडे बघणाऱ्या पोरालाही कळतं. निपल खाली असेल तर जन्मभर पंप मारा, हवा निघणार नाही. अदलाबदल केली, दहा मिनिटांत पेडल दगडासारखं.

आणि दोन महिन्यांनी, खंबाटकी चढताना, उजवं मागचं चाक तापलं. नवा कॅलिपर, नवे पॅड, नवी डिस्क, होज मात्र तोच १९८२ चा.

मी चारही होज बदलले. चारांची मिळून किंमत एका कॅलिपरच्या पाव हिश्शाएवढीही नव्हती. जुना उजवा होज उभा चिरला, आतलं भोक सुईएवढं राहिलं होतं. तोंड लावून फुंकलं तर गाल दुखले. दादाला दाखवला. तो म्हणाला, "काढून ठेवल्यावर वाळून आकसला असेल." तो तुकडा मी जपून ठेवलाय.

तर तुमच्यासाठी. चाक तापलं की तिथेच निपल उघडून बघा. सुटलं तर दाब कोंडलाय. एकच चाक असेल तर त्याचा होज, दोन्ही मागची असतील तर पुढे मास्टर सिलिंडरकडे बघा. नाही सुटलं तर पॅड काढा. पॅड काढल्यावर सुटलं तर पिस्टन खरंच अडकलाय, मग कॅलिपर उघडा. तरीही नाही सुटलं तर हँडब्रेकचे शू धरतायत. चाकाच्या बोल्टच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक सैल करता येतं. एवढं केल्याशिवाय जो कॅलिपर बदला म्हणतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

सीलचं किट मागवण्याआधी कॅलिपरवरचं कंपनीचं नाव वाचा. या गाडीला एटीई आणि बेंडिक्स असे दोन्ही लागलेले असतात, एकाचे पॅड दुसऱ्याला बसत नाहीत. एटीईच्या पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला खालची पायरी असते, ती २० अंशांच्या ठरलेल्या कोनात बसवायची असते. काढताना खूण करून ठेवा. नाहीतर ब्रेक किंचाळतात. पिस्टन घालताना ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावा, दुसरं काही नाही. कॅलिपरचे दोन अर्धे बोल्ट काढून वेगळे करायचे का, यावर दादाचं मत "कधीच नाही" असं आहे. तिथे तो बरोबर आहे, एवढं कबूल करतो. मध्ये तेलाच्या वाटेवर बारकी रबरी रिंग असते, ती नवी हाताशी नसेल तर हात लावू नका. डिस्क मोजा. मागची नवी १० मिलिमीटर असते, ८.३ च्या खाली गेली असेल तर फेका.

ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी उभी असली तरी. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरलेला चालतो, आणि घाटात ब्रेक तिथपर्यंत सहज तापतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात तर विचारूच नका. पिस्टन गंजतात तेही याच पाण्याने.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जुन्या पॅडची पूड हवेने उडवू नका, त्या काळच्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. आणि मी काही मेकॅनिक नाही. हयात बँकेत गेली. पहिल्यांदा करत असाल तर जोडल्यावर एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलावून दाखवा, मग रस्त्यावर काढा. तुमचा कॅलिपर खरोखरच गेलेला असण्याचीही शक्यता आहेच. मी फक्त म्हणतोय की होज आधी.

गाडी आता दादाकडे पुण्यात असते आणि व्यवस्थित थांबते. माझे रॉकेलने नासलेले कॅलिपर मी नंतर नवं किट घालून परत बांधले, ते फडताळात आहेत, कुणीच वापरत नाही. तुमचे एटीई निघाले आणि पिस्टन खड्डे पडलेले निघाले तर इथेच खाली कळवा. त्या स्टेनलेसच्या पिस्टनचं माप मी वहीत लिहून ठेवलंय.