सायकलचं सामान ८० टक्के सूट? पैसे कुणाला जातायत ते आधी बघा

प्रश्न : नमस्कार दादा, आमचा खानापूर-बेळगावचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, पाऊस संपला की रविवारी जांबोटीवरनं चोर्ल्याकडं जातो. परवा इन्स्टावर एका दुकानाची जाहिरात आली, नावाजलेल्या कंपनीचं १२ हजारांचं हेल्मेट १,४९९ ला, बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी), क्लीटचे (पेडलला अडकणारे) शूज, सगळंच ८० टक्के सूट, वर "गोडाऊन बंद करतोय" म्हणून उलटं घड्याळ पळतंय. वेबसाईट एकदम भारी, वर पत्त्याच्या पट्टीत कुलूप पण दिसतंय, खाली जीएसटी नंबर पण आहे. ग्रुपमधले निम्मे म्हणतात घ्या की, निम्मे म्हणतात फ्रॉड असणार. कसं ओळखायचं तेवढं सांगा.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पैसे भरायच्या आधी विचारलंत, बरं केलं. पहिलं त्या कुलपाचं सांगतो, कारण त्याच्यावर लोक लई भरवसा ठेवतात. तुमच्या मोबाईलपासून वेबसाईटपर्यंत जाणारी माहिती मध्ये कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडं दुकानदार बसलाय का भामटा, ते त्यात येत नाही, आणि त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकटात पण मिळतं. फोटो, साईजचा तक्ता, फाईव्ह स्टार रिव्ह्यू सगळं उचलून आणता येतं, म्हणून दिसण्यावर जाऊच नका, पैसे घेणारा कोण आणि उद्या तो सापडेल का तेवढं बघा.

आता जीएसटी नंबर. १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, आपल्याला तिन्ही जवळच, लक्षात राहतील. पुढची १० अक्षरं मालकाच्या पॅनची. पत्ता बेंगळुरूचा आणि नंबर २७ नं सुरू, असं दिसलं तर का ते विचारा. पण आकडे जुळले म्हणून पण गप्प बसू नका, दुसऱ्याचा खरा नंबर उचलून चिकटवणारे असतात. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये लॉगिन न करता नंबर टाकता येतो, नोंदणी कुणाच्या नावावर, चालू का रद्द, धंदा कसला, सगळं येतं. तिथं ग्रॅनाईटवाल्याचं नाव आलं तर हेल्मेट विसरा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं दुकानानं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क साईटवर द्यायलाच पाहिजे. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि जीमेल असेल तर मी तिथंच सोडून देईन. रिटर्न पॉलिसी वाचायला कंटाळा येतो खरा, पण वाचा, कॉपी मारताना मध्येच दुसऱ्याच दुकानाचं नाव राहिलेलं सापडतं. 'हूइज' नावाच्या ऑनलाईन शोधसेवेवर साईटचं नाव कधी नोंदवलं ते दिसतं, "२०१० पासून तुमच्या सेवेत" म्हणणारं दुकान गेल्या महिन्यातलं निघालं की झालं.

सूट खरी पण असते हां, मागच्या सीझनचे रंग, उरलेल्या साईज ३०-४० टक्क्यांनी निघतात. पण सगळ्या साईज, सगळे रंग आणि ८० टक्के? कंपनीच्या स्वतःच्या साईटवर डीलरची यादी असते, त्यात हे दुकान आहे का बघा, आणि हेल्मेट तर डोक्यावर घालून बघूनच घ्यावं असं माझं मत.

शेवटचं, यूपीआयचा पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर बँकेत नोंदलेलं नाव येतं, ते वाचा. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदाराच्या क्यूआरवर पण त्याचं स्वतःचंच नाव असतं, पण तो समोर उभा असतो, उद्या जाऊन भांडता येतं. इथं दुकानाचं नाव एक आणि पैसे भलत्याच माणसाच्या नावावर, मग भरू नका. कॅश ऑन डिलिव्हरीसाठी "कन्फर्मेशनचे ९९ रुपये आधी" मागतायत? ते ९९ पण देऊ नका.

प्रश्न : दादा, आमच्या भावानं असल्याच साईटवर शूजचे पैसे भरलेत. ट्रॅकिंग नंबर आलाय पण जागचा हलत नाही. तो कामाला कोल्हापूरला, सिम महाराष्ट्राचं, बँक खातं निपाणीचं. तक्रार कुठल्या राज्यात करायची?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : राज्याचा विचार नंतर, आधी त्याला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावायला सांगा, आत्ताच, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवले तरच काही हाताला लागतं. लगेच बँकेला कळवा, कार्डानं भरले असतील तर 'चार्जबॅक', म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. साईट कधी पण गायब होते, म्हणून जाहिरात, साईटचा पत्ता, ऑर्डर, यूपीआयचा व्यवहार नंबर सगळ्याचे स्क्रीनशॉट आज काढा. ठाण्यात "आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठं पण घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते.

आणि भावाला एक बजावा, आता त्याला "रिफंड विभागातनं" फोन येऊ शकतो, पैसे परत करतो, फक्त पिन टाका किंवा हे अ‍ॅप घाला म्हणून. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फोन कट करायचा.